दोन माइक, एक गिटार

कानाच्या तपासणीच्या खोलीबाहेर सहा खुर्च्या होत्या आणि माणसं तीन. भिंतीवरचा तक्ता सांगत होता की पंचवीस डेसिबलपर्यंत कान चांगला. आकडा वाढेल तसं ऐकू कमी येतं. माझ्या शेजारी निकालाची वाट पाहत एक रेकॉर्डिस्ट बसला होता, सोबत गिटार वाजवणारी त्याची धाकटी बहीण.

“दादा, माझ्या अ‍ॅम्पसमोर तू दोन माइक लावलेस. एकेक ऐकला तर भरदार. दोन्ही एकत्र केले की नुसता डबा वाजतो. खर्ज गायब.”

“एक जवळ, एक लांब. आवाजाच्या लाटा एकमेकींना खातात. त्यासाठीच एक लाट उलटवणारं फेजचं बटण असतं, शहाणे.”

“मग दाबलं नाहीस?”

“दाबलं. सोडलं. परत दाबलं.”

“आणि?”

“दोन्ही सारखंच वाटलं.”

“तुला? माइक बोटभर सरकला तर माझ्यावर ओरडतोस!”

“दमलो होतो गं.”

“अल्बमच्या बाराही गाण्यांना दमलास?”

“…बाकी कुणाला कळलं?”

“ड्रमवाल्याला वाटतंय, तू मुद्दाम केलंस. नवी स्टाइल म्हणे.”

“देवमाणूस आहे.”

“हसू नकोस ना.”

“मग काय करू? मला दुसरं काम येतं काय?”

दार उघडलं. तपासणाऱ्या बाई कागद घेऊन बाहेर आल्या.

“खर्जाचे आकडे आधी सांगते. अडीचशे हर्ट्‌झला उजवा कान पंचावन्न डेसिबल, डावा साठ.”