बांधापलीकडचा टारफुला

—तर मग धुवा ना साहेब, लाजता कसले? नळ तिथेच आहे, ब्रशही ठेवलाय. बियाण्याचे प्लॉट तपासत फिरता, बुटांवर दहा शेतांची माती. टारफुल्याच्या तणाचं बी पिठासारखं बारीक — शिवणीत अडकून आत आलं की माझं सात वर्षांचं काम गेलं. हं, आता या.

फिरा हवं तेवढं, एक रोप सापडलं तर नाव बदलीन. वाटणीत मला हे रान आलं तेव्हा ज्वारी गुडघ्याच्या वर जात नव्हती. भावोजींची मेहेरबानी — धाकटे दीर माझे, शेजारचं रान त्यांचं. वाटणीआधी चार दिवस खपून दिसेल तेवढा टारफुला उपटला, रान स्वच्छ करून दाखवलं आणि आमच्या गळ्यात मारलं. मुळाला चिकटून रस पिणारं तण ते, वर दिसेपर्यंत पिकाचं वाटोळं झालेलं असतं. आणि आमचे हे भोळे — फुलावर आलेलं उपटून बांधावर टाकायचे, ते तिथे सुकता सुकता बी गाळायचं. दुप्पट झालं. त्याच घोरानं गेले ते, डॉक्टर काही म्हणोत.

मग मी हट्टाला पेटले. दोन वर्षं ज्वारी बंद, भुईमूग आणि कापूस. त्यांच्या मुळांची चाहूल लागली की टारफुला जागा होतो, अंकुर काढतो — आणि चिकटायला काही नाही, उपाशी मरतो. दिसत नाही ते, मातीच्या आत सगळं, पण मी रोज जाऊन उभी राहायचे. बरं वाटायचं. मग कुजलेलं खत, टारफुल्याला दाद न देणारं वाण, मधे चवळी, फूल यायच्या आत उपटायचं, उपटलेलं जाळायचं — यातलं एकच करून भागत नाही. सगळं मात्र नाही जाळलं.

काय? काही नाही. पलीकडे भावोजींच्या रानात जाल ना आता, उत्तरेकडच्या ओळी बघा, ज्वारीच्या बुडाशी बारीक पांढरी फुलं दिसतील. मला कसं माहीत? दिसतं की इथून — बरं, नाही दिसत. पहिल्या वर्षी फुलून पिकलेल्या रोपांचं डबाभर बी राखून ठेवलं होतं मी. यंदा पेरणीच्या आदल्या दिवशी त्यांचं पेरणीयंत्र अंगणात उभं होतं, त्याच्या पेटीत ओतलं. त्यांचंच त्यांना परत केलं. वीस वर्षं जिवंत राहतं ते जमिनीत. मूलबाळ नाही, कुणी मदतीला नाही, उपटत बसू दे मरेपर्यंत. माझी लेक तेवढी जाते काकांकडे, तासन् तास बसते. कशाला जाते मी विचारत नाही. त्या घराचा विषय निघाला की मी उठून जाते.

लिहा, नापास लिहा. कागद दाखवा, त्यांच्या नावापुढे लिहिताना मला डोळ्यांनी बघायचंय.

हे कुणाचं नाव? चुकलं तुमचं. ही माझी लेक आहे.

बक्षीसपत्र? भावोजींनी रान हिच्या नावावर केलं? कधी? — पेरणीच्या आधी.

तेवीस वर्षांची आहे हो ती. चाळिशी उलटेल तिची उपटता उपटता. सांगायला आली होती एकदा, काकांचं नाव काढलं आणि मी उठून गेले.

निघा तुम्ही. नळ राहू द्या चालू, हात धुवायचेत मला. जा.