जन्मभर बरळतात

(दवाखान्याचा व्हरांडा. आई बाकावर बसलेली, लेक समोर उभी.)

लेक: तू डॉक्टरांना नेमकं काय सांगितलंस? शब्दन्‌शब्द सांग.

आई: खरं तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे असं बरळणं आजच सुरू झालं का?" मी म्हटलं, छे हो, हे जन्मभर बरळतात.

लेक: आई!

आई: मग काय खोटं बोलू? परवाच म्हणत होते, चंद्रावर पंक्चरचं दुकान टाकतो, तिथे खड्डे फार. म्हटलं, काय बरळताय, जेवा आधी.

लेक: अगं, ते तुझं लाडाचं बरळणं. डॉक्टर विचारत होते, बोलणं भरकटलंय का, आपण काय बोलतोय ते त्यांना कळतंय का.

आई: मला मेलीला काय कळणार? तू लहानपणी झोपेत बरळायचीस. शेजारचा पिऊन आला की बरळतो. सगळ्यांना तोच शब्द लावला मी, कुणाचं काही बिघडलं नाही.

लेक: सकाळी काय झालं?

आई: म्हणाले, "चहात चाक घाल." मी हसले. विचारलं, किती चमचे?

लेक: आणि बाबा?

आई: हसले नाहीत गं. पुन्हा तेच म्हणाले. मग डोळे भरून आले त्यांचे. तशीच रिक्षात घालून आणलं.

लेक: वेळेत आणलंस गं. पण डॉक्टरांना वाटलं, म्हातारपणाचं जुनंच दुखणं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकलेली. त्यावरचं इंजेक्शन तेव्हाच द्यायला हवं होतं. दुपारी उजवी बाजू गेली, वाचाही गेली, तेव्हा कुठे धावपळ झाली.

आई: पण बोलतील ना आता?

लेक: नाही बहुतेक. डॉक्टर म्हणाले, आशा धरू नका.

आई: माझी जीभ का नाही झडली!

लेक: असं नको बोलूस. त्यांनीही आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते. जा, आत जा. जागे आहेत, सारखे दाराकडे बघतायत.

आई: जाऊन काय करू?

लेक: बोल त्यांच्याशी. ऐकू येतंय त्यांना. काहीही बोल, नेहमीसारखं.

आई: कसं बोलू गं? आधी ते काहीतरी म्हणायचे, मग मी बोलायचे.