नंबरप्लेट बघायला आलेले साहेब

— नाही हो साहेब, त्या टायरवर नका बसू, पँटला ग्रीस लागेल, ही खुर्ची घ्या. हे येतीलच, आंघोळीला गेलेत. सकाळपासून दुसऱ्यांदा. धसका घेतला की आमचे हे आंघोळ करतात, त्याला इलाज नाही. जाताना मला बजावून गेलेत — परवान्याच्या ऑफिसातले साहेब येतील, त्यांना गॅरेजात बसव, पाणी दे आणि गप्प राहा. आता मी कशाला काही बोलेन? मला काय कळतं त्यातलं? एवढंच कळतं की जुन्या गाडीला जुनी नंबरप्लेट लावायची तर ती अस्सल पाहिजे, घरी रंगवलेली चालत नाही, आणि गाडी नि प्लेट दोन्ही एकाच सालच्या पाहिजेत. हो ना? मग बघा की. ती काय समोर लावलीय. चांगली शंभर नंबरी अस्सल — अहो अहो, बोट नका लावू! ओली आहे अजून.

ओली म्हणजे — बरं, तुम्ही विचारलंच आहे म्हणून सांगते. नाही विचारलं? भुवई तर केवढी वर गेली तुमची. तर झालं काय, ही प्लेट यांना भंगारवाल्याकडे मिळाली, कागदात गुंडाळलेली, कुणी कधी गाडीला लावलेलीच नाही, आरशासारखी लखलखीत. मला वाटलं आनंदानं उड्या मारतील. कसलं काय! दोन दिवस घास गिळला नाही. म्हणे, इतकी नवी दिसतेय, साहेबांना खोटीच वाटणार. खरी वस्तू खरी वाटत नाही म्हणून मग तिला जुनी करायला घेतली. कुंडीतल्या मातीत पुरली, वरून मीठ आणि व्हिनेगर — माझं झाड मेलं त्यात, ते जाऊ दे. तरी गंज चढेना. मग सायकलच्या मागे दोरीनं बांधली आणि गल्लीतून फरफटत नेली, खडखड खडखड, शेजारीण गॅलरीतून विचारते, काय हो, कोणाचं लग्न? शेवटी झाली एकदाची मनासारखी, पोचे काय, गंज काय, बघवत नव्हतं. आणि आज सकाळी मी बघितलं, म्हटलं, साहेब येणार आणि ही असली घाण गाडीच्या तोंडावर? घर कसं दिसेल? घेतली घासणी आणि दिली घासून. आता मला काय माहीत, गंजाबरोबर रंगही निघतो ते! प्लेटच्या कोपऱ्यात साल रंगवलेलं होतं, त्यातला एक आकडा गेला की हो. मग मुलीचं नेलपॉलिश होतं कपाटात. लालच होतं, मूळ रंगाला जुळतंय की नाही? चमचम आहे थोडी त्यात, पण लांबून कळत नाही. यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

अहो, बॅग कशाला बंद करताय? बसा. बसा हो साहेब, पाया पडते, असे उठू नका. परवा रॅली आहे, सगळ्या जुन्या गाड्यांची. ज्यांना जुन्या नंबराची परवानगी, त्या पुढे, बाकीच्या मागे, पार टेम्पोच्या धुरात. आणि पुढच्या रांगेत आमचे व्याही, मुलीचे सासरे हो — त्यांच्या गाडीला वडिलांपासूनचा नंबर, ते जेवतानाही नंबराबद्दलच बोलतात, भाजी वाढा म्हणतानासुद्धा. हे आपले खाली मान घालून ऐकतात. यांचं लॉन्ड्रीचं दुकान बंद झालं ना, तेव्हापासून माणूस खिडकीशी बसून असायचा. हाक मारली तरी ओ नाही. मी घाबरले होते, खरं सांगते. ही गाडी आली आणि माणूस शिट्टी वाजवायला लागला. परवा मला म्हणाले, तू शेजारी बस, ती निळी साडी नेस. इतक्या वर्षांत माझी कुठली साडी निळी आहे हे यांना माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं! एवढी परवानगी द्या साहेब. नेलपॉलिश माझं पाप, यांच्या डोक्यावर नको.

काय? काढू? थांबा, पाना इथेच आहे — हं, घ्या. उलटी कशाला करताय? मागे काय बघताय? अगंबाई! मागच्या बाजूला ठसा असतो होय साल उठवलेला? आणि तो शाबूत आहे? वाचता येतोय? म्हणजे पुढून काहीही होवो — साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो! हे वेडे सायकल घेऊन फिरले, मी नेलपॉलिश घेऊन बसले, नि दोघांनाही उलटी करून बघायचं सुचलं नाही! बघा, मी म्हणत नव्हते अस्सल आहे? हां, काढा, काढा शिक्का. इथे टेकवा कागद, बॉनेटवर, सपाट आहे. हुश्श! मेला सगळा घोर त्या प्लेटचा उगाच लावून घेतला आम्ही. प्लेट तर अगदी त्याच सालची निघाली. गाडीच तेवढी तीन वर्षांनी धाकटी आहे, पण कंपनीनं तोच साचा चालवला होता हो, नुसते मागचे दिवे वेगळे, ते यांनी जुने मिळवून बसवले, कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. मारा. मारा ना. साहेब — तो शिक्का परत डबीत का ठेवताय?