लाहिडीबाबूंचा शब्द

(कोलकाता. अर्थशास्त्राचे ख्यातनाम अध्यापक शशधर लाहिडी यांचे घर. फाटकाशी तिरडी घेऊन आलेला जमाव. आत लाहिडी, त्यांच्या पत्नी सुनयनी आणि पोलीस अधिकारी प्रणबेश.)

प्रणबेश : दगडांचं काय घेऊन बसलात, मास्टरमोशाय? तुमच्या ड्रायव्हरला बाहेर ओढून त्याचं तोंड फोडलंय, गाडी जळतेय. आता फाटक मोडतील. तुम्ही हो म्हणा, मी गोळीबाराचा हुकूम देतो.

शशधर : अधिकार तुझा आहे. माझी अनुमती कशासाठी?

प्रणबेश : मंत्रीसाहेब म्हणाले, लाहिडीबाबूंच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. दिल्लीपर्यंत तुमचा शब्द चालतो. तुमचं पुस्तक घोकूनच मी पोलिसात आलो.

सुनयनी : तांदूळही त्याच शब्दानं महागला.

शशधर : तांदळाचा भाव वाढवायचा माझा सल्ला शास्त्राला धरून होता, सुनयनी. तांदूळ महागला, की जनता स्वस्त गव्हाकडे वळेल, हे गृहीतक...

सुनयनी : कुठल्या घरात विचारलंत? एकदा दुपारी तुम्हाला रोटी वाढली, तर ताटावरून उठलात. भाताशिवाय जेवण कसलं, म्हणालात.

शशधर : ...प्रणबेश, फाटकाशी तिरडीवर कोण आहे?

प्रणबेश : गोविंद साँतरा. ताग-गिरणीतला. काल रेशनच्या दुकानावर दंगल झाली, तिथं आमची गोळी छातीत लागली. लोक म्हणतात, लाहिडीबाबूंनी खांदा दिल्याशिवाय प्रेत हलणार नाही. बहाणा आहे सगळा. तुम्ही बाहेर पडलात की कोयते निघतील.

शशधर : आणि तू गोळी चालवलीस तर?

प्रणबेश : आठ-दहा पडतील. उरलेले पळतील.

शशधर : त्या आठ-दहांना मी पुस्तकाच्या कोणत्या प्रकरणात मांडू?

प्रणबेश : काकीमा, तुम्ही तरी अडवा यांना.

सुनयनी : आजवर सगळ्यांनी यांचं ऐकलं, बाबा. आज यांना ऐकू दे.

शशधर : फाटक उघड. माझ्या मागे एकही बंदूक येता कामा नये. हा माझा शब्द.

प्रणबेश : ठेचतील तुम्हाला, मास्टरमोशाय. मंत्रीसाहेबांना मी काय सांगू?

शशधर : सांग, अध्यापक चुकले होते, हेच सांगायला गेले.

सुनयनी : अहो, थांबा. चपला इथेच काढा. खांदा द्यायला अनवाणी जायचं असतं.