पाहुण्याच्या कॉलरले माईक

बायांनो, बहिऱ्या म्हातारीले कमी समजू नका, सांगून ठेवते.

माह्या नातीले, चंदाले, पाहाले नागरा गावचे पाहुणे आले. घरात गलका, अन् बाजूले धानाची मिल. ऑपरेशन करून कानाची मशीन बसवली, तरी गलक्यात माह्या कानात साऱ्यायच्या बोलण्याचा काला होते. म्हणून चंदानं मशीनचा छोटा माईक पोराच्या बापाच्या कॉलरले लावला. त्याचा आवाज सिद्दा माह्या कानात.

मी इचारलं, "लग्नानंतर चंदाची नर्सची नोकरी चालन ना?"

"चालन ना, मावशी!" पोराचा बाप म्हणे. "काऊन नाही चालन?"

मंग बापलेक सल्ला कराले बाहेर मिलपाशी गेले. माईक कॉलरलेच राह्यला.

बाप म्हणे, "लगन होऊ दे, मंग नोकरी सोडवू."

मिलच्या आवाजात आयकू जाव म्हणून पोरगा बापाच्या गळ्याशी येऊन वरडला, "बाबा, तिची नोकरी सोडवसान, त मी घर सोडीन!"

दोघं हासत आत आले. बाप म्हणे, "मावशी, आमाले पोरगी पसंत हाये. तुमचं काय?"

"मले बी पोरगा पसंत हाये," मी म्हणलं. "आता तो माईक काढून द्या, पाहुणे. का मिलपाशी अजून काही बोलाचं राह्यलं?"