खुर्ची – शोभेची

चारही नेल्या हो! चारही टाचण्या! अरे, एखादी तरी ठेवायची, पोस्टर एका कोपऱ्यावर लोंबकळत राहिलं असतं, मान वाकडी करून कुणी वाचलं असतं... पण नाही! ज्यानं कुणी हे केलं त्यानं चारही टाचण्या शांतपणे उपटल्या, पोस्टरची नीट घडी घातली आणि ती वाचनालयाच्या दारातल्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये खोचून दिली. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण तुम्हाला सांगते, माझ्या मंडळाचा खून त्यानं केलाय. आणि खरं सांगू? राग आला तसं कौतुकही वाटलं. कारण माझ्या मंडळाचा पहिला नियमच तो आहे. दिसेल ते उचला, पुढे कामाला येईल!

कसलं मंडळ? जुन्या साहसी खेळांचं! आता लगेच नाक मुरडू नका. व्हिडिओ गेम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे धाडधाड गोळ्या. मी म्हणतेय ते जुने, कॉम्प्युटरवरचे. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचा एक माणूस उभा, आणि खाली शब्दांची यादी... उचल, ढकल, उघड, दे, बोल, वापर. बस्स! एवढ्या सहा शब्दांवर अख्खं बेट पालथं घालायचं. खिशात अर्धी मेणबत्ती, बरणीचं झाकण, छत्रीची काडी आणि एक खारवलेला मासा. मासा कशाला? माहीत नाही! पण कधीतरी, कुठल्यातरी दारापाशी, तो मासाच लागणार असतो. आहे का तुमच्या आयुष्यात अशी एक तरी वस्तू जिच्याबद्दल एवढी खात्री वाटते? मरत कुणी नाही, घड्याळ नाही, गुण नाहीत. अडकलात तर अडकलात. खेळ तुमच्यासाठी थांबतो. दोन तास थांबतो, दोन वर्षं थांबतो. कोण थांबतं हो हल्ली कुणासाठी? हल्लीच्या खेळांत तुम्ही पाच सेकंद गप्प बसलात की वरून पिवळा बाण येतो, इकडे जा! अडकायचा हक्कच काढून घेतलाय माणसाचा!

आणि गंमत बघा, हे खेळ एकट्यानं खेळायचे. डब्यावर लिहिलेलं असायचं तसं. पण एकट्यानं कुणी खेळलेत का? एक जण माऊस धरतो आणि दुसरा शेजारी बसून म्हणतो, 'अरे ते खाली काहीतरी चमकतंय, अरे तिथे नाही, डावीकडे, आंधळा आहेस का!' हा जो दुसरा आहे ना, त्याच्यासाठी असतो सगळा खेळ. खेळ एकाचा, पण खुर्च्या दोन लागतात!

आमच्या घरी माऊस दादाचा आणि वही माझी. मी अकरा वर्षांची, तो सोळा. त्याचं हुकूम सोडायचं वय आणि माझं लिहून घ्यायचं. वहीत नकाशे, वस्तू, कोण काय बोललं ते. सगळं बेट आम्ही पार केलं आणि दीपगृहापाशी अडकलो. तिथे एक म्हातारा राखणदार, दाराशी बसलेला. वरच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे. त्याच्याशी काहीही बोला, तो म्हणतो, 'आज नको. दमलोय.' मेणबत्ती दिली. 'आज नको. दमलोय.' झाकण दिलं, काडी दिली, मासा दिला. 'आज नको. दमलोय.' त्याच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती, ती उचलायला गेलो तर खेळ म्हणाला, 'खुर्ची जड आहे. उचलता येत नाही.' दादानं माझ्या हातातली वही घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'खुर्ची – शोभेची.' खाली दोन रेघा. दादानं दोन रेघा ओढल्या म्हणजे विषय मिटला!

मग आम्ही शपथ घेतली. उत्तर कुठेही शोधायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, सुटेल तेव्हा दोघांनाच सुटेल. मग तो हॉस्टेलला गेला. मग नोकरीला गेला, दुसऱ्या शहरात, जिथून यायला म्हणे त्याला सुट्टी लागते आणि सुट्टी मागायला वेळ लागतो. पण दर रविवारी मी फोन करायची. 'दादा, म्हाताऱ्याला झाकणातून पाणी दिलं तर?' 'हं... करून बघ.' 'केलं. नाही झालं.' 'मग परत मासा देऊन बघ.' तेरा वर्षं, तेरा वर्षं हा माणूस मला मासा देऊन बघायला सांगतोय! रविवारचा फोन पुढे महिन्यावर गेला, अर्ध्या तासाचा चार मिनिटांवर आला, पण मासा कायम.

तर एक दिवस मी ठरवलं, घरात दुसरी खुर्ची नाही ना, मग समाजात शोधू! माझ्यासारखे शेकडो असतील, आपापल्या दीपगृहापाशी अडकलेले. वाचनालयात गेले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, 'मागची खोली देते. चार शनिवार, चार ते सहा. चौथ्या शनिवारी ह्या कागदावर पाच सभासदांच्या सह्या हव्यात. नाहीतर खोली वजन घटवा मंडळाला. त्यांचे चाळीस जण रांगेत आहेत.' मग त्यांनी माझं पोस्टर वाचलं. शेवटी मी लिहिलं होतं, 'घाई असणाऱ्यांनी येऊ नये.' त्या म्हणाल्या, 'ही ओळ काढा. घाई सगळ्यांनाच असते.' मी म्हणाले, 'मग सगळ्यांनीच येऊ नये!' आणि तुम्हाला सांगते, सगळ्यांनी माझं ऐकलं.

पहिल्या शनिवारी घरचा जुना कॉम्प्युटर घेऊन गेले. तो डबडा मॉनिटर मांडीवर ठेवून बसमध्ये बसले तर कंडक्टर म्हणतो, 'ह्यांना खिडकी हवी का?' खोलीत तीस खुर्च्या मांडल्या. तीस! मनात म्हटलं, कमी पडल्या तर लोक उभे राहतील. चार वाजले. सव्वाचार. साडेचारला दार उघडलं, मी ताडकन उठले... सफाईवाल्या मावशी! बादली, पोछा. म्हणाल्या, 'कुणी यायचंय का?' मी म्हटलं, 'येतीलच.' त्यांनी तीस खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि तिसाव्या खुर्चीपर्यंत नजर नेऊन परत आणली. पुसून गेल्या.

दुसऱ्या शनिवारी दोन कॉलेजची पोरं. मला काय आनंद! एक म्हणतो, 'ह्यात गोळ्या कुठून मारायच्या?' 'मारत नाहीत.' 'मग मरतं कोण?' 'कुणीच नाही.' 'मग करायचं काय?' म्हटलं, 'विचार!' दुसरा पहिल्याला म्हणाला, 'चल रे, इथंपण अभ्यासच आहे.' गेले! तिसऱ्या शनिवारी एक गृहस्थ आले, पाठीवर सॅक, गळ्यात शिट्टी, खांद्यावर ही एवढी जाड दोरी. 'साहसी मंडळ हेच ना? डोंगर कुठला?' मी म्हटलं, 'डोंगर नाही, दीपगृह आहे.' त्यांनी पडद्यावर डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, अशा नजरेनं की काय सांगू... दवाखान्यात आपल्याकडे बघतात ना, तसं. जाताना मी न राहवून विचारलं, 'दोरी ठेवून जाता का?' सवय हो! दोरी दिसली की हात शिवशिवतात. पण दोरी गेली, माणूस गेला, मी आणि तीस खुर्च्या. आणि मी मनात म्हणतेय, अगं, तीस कशाला, खुर्च्या दोनच लागतात!

चौथा शनिवार म्हणजे कालचा. सकाळीच टाचण्या गेलेल्या. ग्रंथपालबाईंनी टेबलावर कागद ठेवला, पाच ओळी. पहिल्या ओळीवर मी सही केली, मोठी, म्हणजे कागद भरल्यासारखा वाटावा. पाच वाजेपर्यंत त्या एका सहीकडे बघत बसले. घाई असणाऱ्यांनी येऊ नये म्हणणारी मी, पाच मिनिटांत सात वेळा घड्याळ पाहिलं! दारातून कुणी गेलं तरी आवाज चढवून एकटीच बोलायची, 'अरे वा, मस्त सुटलं हे कोडं!' कोण फसणार? मग उगाच म्हाताऱ्याला मासा दिला. 'आज नको. दमलोय.'

साडेपाचला मावशी आल्या. आज बादली नव्हती. म्हणाल्या, 'सहाला ते वजनवाले येतायत, त्यांना फरशी मोकळी लागते.' म्हणजे बाईंनी कळवूनसुद्धा टाकलं होतं! मावशी म्हणाल्या, 'तुम्ही आवरा तोवर मी टेकते जरा. गुडघे बोलतायत आज.' आणि त्या बसल्या. कुठे? माझ्या शेजारी. दुसऱ्या खुर्चीवर! मी लगेच माऊस धरला.

मावशींनी पडद्याकडे बघितलं. 'कोण हो हे बाबा?'

'राखणदार. किल्ली देत नाही.'

'का?'

'दमलोय म्हणतो.'

'मग दमला असंल की.' त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. 'आणि तुमचा तो माणूस कधीपासून उभाय त्याच्या डोक्यावर?'

'तेरा वर्षं.'

'अगं बाई! अन् ती खुर्ची?'

'ती शोभेची आहे,' मी म्हटलं. 'उचलता येत नाही.'

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. 'खुर्ची उचलायला कशाला जाताय? बसा की तिच्यावर!'

तेरा वर्षं हो! उचल, ढकल, उघड, दे, बोल सगळं करून झालं होतं. 'वापर' आणि 'खुर्ची'... दोन रेघांपलीकडे कुणी गेलंच नव्हतं. मी दाबलं. माझा ठिपक्यांचा माणूस चालत गेला आणि म्हाताऱ्याशेजारी बसला. काही झालं नाही. दहा सेकंद, वीस... माझं बोट लागलं वळवळायला. मावशी म्हणाल्या, 'थांबा की! आत्ता तर बसलात.' थांबले. आणि मग म्हातारा आपण होऊन बोलला, 'पाय फार दुखतात हल्ली.' मावशी म्हणाल्या, 'बघा! त्याचेपण.' मग म्हातारा म्हणाला, 'किल्ली मागे खिळ्याला आहे. जाताना दार लोटून घ्या.'

मी ओरडले! वाचनालयात! समोरून 'शूऽऽ' आलं. मी दादाला फोन लावला, रविवार नव्हता तरी लावला. 'दादा! खुर्ची! बसायचं होतं रे तिच्यावर!'

तो म्हणतो, 'सुटलं का शेवटी?'

शेवटी? शेवटी म्हणजे? मी म्हटलं, 'तुला माहीत होतं?'

'अगं, हॉस्टेलला पहिल्याच वर्षी बघितलं होतं मी इंटरनेटवर. राहवलं नाही.'

'मग तेरा वर्षं मला मासा द्यायला का लावलंस?'

तर म्हणतो, 'सुटलं असतं तर फोन कशाला केला असतास?'

शपथ मोडली, खोटं बोलला, भांडायला पाहिजे होतं कडकडून. मी विचारलं, 'मग आता?' तो म्हणाला, 'आता... बघू. बरं, मला आत बोलावतायत, ठेवतो हं.' ठेवला. पुढच्या रविवारी काय विचारायचं ह्याला? पाऊसपाणी?

मी कागद मावशींपुढे सरकवला. म्हटलं, सही करा. त्या म्हणाल्या, 'मला काय येतंय त्यातलं?' मी म्हटलं, तुम्हालाच येतंय. त्यांनी हात पदराला पुसला, अक्षर अक्षर लावत सही केली, माझ्या त्या भल्यामोठ्या सहीखाली. मग मोजल्या. दोन. पाचातल्या दोन. म्हटलं, असू दे, खुर्च्या दोनच लागतात... आणि मी पुन्हा नीट टेकून बसले. आता वरची खोली उघडणार, तेरा वर्षांनी, तीही शेजारी कुणीतरी असताना! किल्ली हातात, दार समोर, मी म्हटलं, 'मावशी, आत काय असेल हो?'

बाहेर जिन्यात वजनवाल्यांची धपधप सुरू झाली होती. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, 'ते तुमचं तुम्ही बघा घरी. उठा ताई, खुर्च्या उचलायच्यात मला.'