दहापैकी सात

लेक : पेल्यात पायमोजा घातलाय मी, बाबा. आता बॉल आत गेला तरी खणकन वाजणार नाही. मारा.

बाबा : कुणाचा पायमोजा?

लेक : तुमच्या नातीचा. तिला झोपून वीस मिनिटं झालीत. फार तर अर्धा तास आहे आपल्याकडे, तोही तिची मर्जी असली तर.

बाबा : बरं, बघ. डावा हात खाली, उजवा वर. तीस वर्षं लोकांना गोल्फ शिकवताना याच्या उलट शिकवलं आणि आता स्वतःच उलटा झालोय. हं... हा घे.

लेक : बाजूनं गेला. चार आत, सहा बाहेर.

बाबा : गालिचा तिकडे उतरता आहे.

लेक : मी तीन वर्षांची होते तेव्हापासून आहे हा गालिचा. उतरता असता तर शाळेत मला बक्षिसं कशी मिळाली असती?

बाबा : तू लहान होतीस. तुला उतार कळत नव्हता, म्हणून जिंकत होतीस.

लेक : वा! आता बक्षिसंही गेली माझी. दुसरी पकड घ्या.

बाबा : थांब जरा. ही बघ, खेकडा पकड. उजव्या हातानं पटरचा दांडा आवळायचाच नाही, बोटांच्या बेचक्यात नुसता टेकवायचा. लिहिताना पेन धरतो ना, साधारण तसं. म्हणजे उजव्याला जोर करायला वावच राहत नाही. सगळं काम डावा करतो.

लेक : दिसतंय फार विचित्र.

बाबा : दिसू दे. सुंदर दिसून काय करायचंय, लग्न जमवायचंय का माझं? मोज.

लेक : एक... दोन... तीन. अरे वा. चार. हा बाहेर. पाच. सहा. हा पण बाहेर. सात... आणि हा... हा पेल्यापर्यंत पोचलाच नाही. दहापैकी सात.

बाबा : सात म्हणजे काही नाही. सोमवारी दहा पाहिजेत.

लेक : सात वाईट नाहीत हो.

बाबा : तू माझा पहिला तास विसरलीस वाटतं. नवी तुकडी येते, मी नमस्कारसुद्धा करत नाही. सहा फुटांवर उभा राहतो आणि एकापाठोपाठ एक दहा बॉल होलात घालतो. एक शब्द नाही बोलत. दहावा पडला की मग म्हणतो, "चला, आता बोलू." त्यानंतर वर्षभर कुणी उलटून बोलत नाही मला. आणि या सोमवारी बारा जण तर आहेतच, वर मागच्या खुर्चीत क्लबचे सेक्रेटरी बसणार आहेत.

लेक : ते कशाला?

बाबा : पहिला तास बघणार आणि पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही ते ठरवणार. तरुण शिक्षक शोधतायत, असं कानावर आलंय. त्यांच्यासमोर सात घातले ना, तर तो तास माझा शेवटचा.

लेक : मग आणखी एखादी पकड असेल. ती नव्हती का, दोन्ही तळवे समोरासमोर, हात जोडल्यासारखी?

बाबा : झाली. मार्चमध्ये. दांडा डाव्या कोपरापर्यंत चिकटवून, तीही झाली. एप्रिलमध्ये. जाड मुठीचा पटर आणला, बारीक मुठीचा आणला. तुझी आई म्हणते घरात माणसं कमी, दांडे जास्त.

लेक : लांब पटर घेऊन छातीला टेकवून बघा ना. हात आपोआप स्थिर राहील.

बाबा : नियमात बसत नाही.

लेक : इथे बैठकीच्या खोलीत कोण बघतंय?

बाबा : मी बघतोय ना.

लेक : बरं बाबा, तुमचं खरं. पण मग हे नक्की झालंय काय तुम्हाला? तुमचं मत काय?

बाबा : मत कसलं, माहीतच आहे. यिप्स. भल्याभल्यांना होतं. बॉल समोर आला की मन घाबरतं आणि ऐन वेळी हाताला झटका बसतो. शंभर जणांचं पाहिलंय मी. पकड बदलली की मन फसतं आणि हात सुटतो. फक्त आपली पकड सापडायला हवी, झालं.

लेक : मला झालं होतं, आठवतंय? चौदाव्या वर्षी.

बाबा : आठवतंय तर. रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतंस.

लेक : तेव्हा तुम्ही माझी पकड नव्हती बदलली.

बाबा : नसेल.

लेक : तुम्ही बॉल काढून घेतला होता. म्हणालात, आता नुसता पटर हलव. आणि माझा हात लोण्यासारखा गेला. मग म्हणालात, बघ, हात चांगला आहे तुझा, भीती त्या बॉलमध्ये आहे.

बाबा : हं.

लेक : बाबा, मी बॉल उचलू?

बाबा : कशाला? वेळ जातोय. ती उठेल.

लेक : दोनच मिनिटं.

बाबा : अगं, मला ठाऊक आहे त्यात काय होतं ते. मीच शिकवलंय.

लेक : मग हलवा नुसता पटर. तुमची नेहमीची पकड घ्या, बॉल नाही, होल नाही, कुणी मोजत नाही. मागे न्या... आता पुढे.

बाबा : हा मागे... हा पुढे.

लेक : पुन्हा एकदा.

बाबा : गालिच्यात अडकतोय.

लेक : वर उचलून हलवा. हवेत.

बाबा : हा हवेत. मागे... आणि...

लेक : बाबा.

बाबा : पाहिलं मी. सांगू नकोस.

लेक : बसा इथे. द्या तो पटर माझ्याकडे. हात मांडीवर ठेवा, अगदी सैल. नाही, डाव्यानं उजवा धरू नका ना.

बाबा : थंडीनं होतं असं कधीकधी.

लेक : मे महिना आहे.

बाबा : तू केव्हापासून बघतेयस?

लेक : गेल्या रविवारपासून. तुम्ही पेपर वाचत होतात आणि कागद सारखा फडफडत होता. मी पंखा बंद केला. तरी फडफडतच होता.

बाबा : आणि आज हा सगळा घाट त्यासाठी? दोन दोन पकडी करायला लावल्यास मला?

लेक : मला वाटत होतं की माझंच चुकत असावं. शप्पथ. प्रत्येक पकडीला वाटत होतं, आता दहा होतील आणि मी मुकाट्यानं चहा टाकीन.

आई : चहा मी टाकलाय. हळू बोला जरा, आतपर्यंत आवाज येतोय. हा तुझा आणि हा, अहो, तुमचा.

लेक : आई, बाबांचा कप अर्धाच का?

आई : पाच महिने अर्धाच देतेय. भरून दिला की बशीत सांडतो, मग चिडचिड होते. त्यापेक्षा दोनदा अर्धा बरा.

लेक : पाच महिने! आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?

आई : तू बाळंतीण होतीस तेव्हा. आणि मी विचारलं होतं त्यांना. शर्टाची बटणं मला लावून द्यायला लागली ना, तेव्हाच विचारलं. म्हणाले, यिप्स आहे, पटरचं दुखणं. मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, खेळात होत असेल असं. इतक्या खात्रीनं सांगितलं की मी शेजारणीलाही तेच सांगितलं.

बाबा : खोटं नाही सांगितलं मी. मला खरंच तसं वाटत होतं.

आई : बटणाला कुठला आलाय बॉल, अहो?

बाबा : बरोबर. दोघी मिळून झोडपा मला.

लेक : झोडपत नाही हो. एक विचारू? दीड महिना झाला, तुम्ही चिमणीला उचलून घेतलं नाहीत. मी म्हटलं घ्या, तर म्हणता आत्ताच जेवलोय, म्हणता हात ओले आहेत. मला वाटलं, कंटाळलात तिच्या रडण्याला. मी रुसले होते तुमच्यावर. आमच्या यांनाही सांगितलं फोनवर, म्हटलं बाबांना नात नकोशी झालीय.

बाबा : वेडी आहेस.

लेक : मग?

बाबा : तिच्या बाबतीत दहापैकी सात चालत नाही ना, पोरी.

आई : बाई गं.

बाबा : एकदा घेतली होती, तुम्ही दोघी बाहेर कपडे वाळत घालत होतात तेव्हा. उजवा हात मानेखाली होता. झटका बसला. काही झालं नाही, ती हसली उलट. मी तिला पाळण्यात ठेवली आणि त्याच दिवशी खेकडा पकड सुरू केली. म्हटलं आधी हात ताळ्यावर आणू, मग घेऊ.

लेक : डॉक्टरांकडे जाऊ या.

बाबा : जाऊ की. सोमवार होऊ दे.

लेक : सोमवारच्या आधी.

बाबा : आणि ते काय सांगणार? काहीतरी नाव देतील. ते नाव क्लबात पोचायला दोन दिवस पुरतात. हात थरथरणाऱ्या माणसाकडून पटर धरायला शिकायला कोण येईल? सांग ना.

लेक : ते काय सांगतील मला माहीत नाही. साधं असेल, औषधानं थांबेल. किंवा नसेल साधं. पण त्याचा इलाज बोटांच्या बेचक्यात नाही, एवढं तर तुम्हालाही कळलंय.

बाबा : आणि ते दहा बॉल?

लेक : मी घालते दहा. तुमची मदतनीस म्हणून.

आई : तू? वर्षभर हात लावला नाहीस त्या काठीला.

लेक : बघू तर खरं. सरक, आई, तुझी सावली पडतेय. हा पहिला... बाहेर. हा... हाही बाहेर. छे! गंजलेय मी.

बाबा : गंजली नाहीस. डावा खांदा वर ओढतेयस. बाळाला त्याच अंगावर घेतेस ना दिवसभर? तोच खांदा वर राहिलाय. सोड तो खाली. अजून. आता पायांकडे वजन जाऊ दे. पेल्याकडे बघू नकोस, पायमोज्याकडे बघू नकोस, बॉलच्या मागच्या कडेकडे बघ. हं, श्वास सोड. मार.

लेक : गेला! आत गेला.

बाबा : पुन्हा. घाई नको. तसाच.

लेक : गेला.

बाबा : पुन्हा.

लेक : हाही! बाबा, मला पाच प्रशिक्षकांनी शिकवलंय, कॉलेजातले धरून. खांद्याचं एकानंही पकडलं नसतं.

आई : खुर्चीतून न उठता पकडलं. हात तर त्यांचा मांडीवर होता सगळा वेळ.

बाबा : हलत होता?

आई : हलत होता. तुमचं लक्ष नव्हतं.

बाबा : सेक्रेटरींचं असेल की.

लेक : असू दे. त्यांना आपणच आधी सांगू. तास सुरू व्हायच्या आधी, उभ्या उभ्या, दोन वाक्यांत. मग त्यांना बघू दे, बारा जणांचे बारा दोष तुम्ही खुर्चीतून कसे काढता ते. तरी नाही म्हणाले तर नाही. पण चोरून सात घालण्यापेक्षा बरं.

बाबा : नाही म्हणाले तर?

लेक : तर वाईट वाटेल. मला तुमच्याइतकंच वाटेल.

(आतून बाळाच्या रडण्याचा आवाज. आई आत जाते आणि तिला घेऊन बाहेर येते.)

आई : झाली झोप राणीसाहेबांची. घ्या गं कुणीतरी, दूध गरम करते.

बाबा : थांब. मी खाली बसतो. गालिच्यावर, भिंतीला पाठ लावून. मांडी घालतो, मग तिला मांडीतच ठेवा.

लेक : उशी देऊ?

बाबा : दे. इथे, उजव्या बाजूला. डावा हात मानेखाली राहील, उजव्याला काही कामच द्यायचं नाही. हं, सोड आता. सोड गं, धरलीय मी.

लेक : सोडली.

आई : बघतेय कशी टकामका. दीड महिन्यांनी दिसलं म्हणावं हे थोबाड.

बाबा : फोन लाव.

लेक : आत्ता?

बाबा : आत्ताच. ती मांडीत आहे तोवर मी उठून पळू शकत नाही.

लेक : हॅलो, मला वेळ हवी होती, मेंदूच्या डॉक्टरांची. वडिलांसाठी. हो, पहिल्यांदाच. वय त्रेसष्ट. उजव्या हाताला कंप आहे, पाच महिने झाले... शनिवारी सकाळी? चालेल. कागद भरायचाय? विचारा ना... एक मिनिट हं. बाबा, व्यवसाय काय लिहू विचारतायत. निवृत्त म्हणून लिहू का, म्हणतात.

बाबा : नाही. शिकवतो, म्हणून सांग.